मगरीचा पट्टा आन मी

आमच्या मालकांचं नाव मी घेत न्हाई. गाव त्येंना हंबीरराव म्हनतं. फौजेत एका मेजरसाबाचे अर्दली व्हते. लगनानंतर माझ्या वाट्याला सुट्टीतला नवरा आला, वर्साला एक म्हयना. मी मनाशी म्हनायची, पेन्शनीत निघू द्यात, मग सगळा माझाच हाय. तर आले त्ये वाटेकरी संगं घिऊन.

वाटेकरी म्हंजी मनगटावरच्या विलायती घड्याळाचा पट्टा. घड्याळाशी माझं वाकडं न्हाई, येळ बघायची वस्तू ती. पर पट्टा मगरीच्या कातड्याचा, तपकिरी, चौकोनी खवल्यांचा. मेमसाबनं दिला म्हनाले. कुठली मेमसाब, कशापायी दिला, इचारलं की "दिला, झालं," येवढंच. आता परक्या बाईनं गड्याला मनगटात घालायची वस्तू दिली, आन त्या गड्यानं ती तळहातावरच्या फोडागत जपली, तर त्येच्या बायकूनं काय समजायचं, तुमीच सांगा.

जपायचे तरी किती. आंघुळीला जाताना पट्टा काढायचा, उसाला पानी पाजताना काढायचा. उन्हात ठेवायचा न्हाई, वल्या हातानं धरायचा न्हाई. सांजच्याला जुन्या धोतराची मऊ चिंधी घ्यायची आन खवल्यांच्या रेघारेघांतनं पुसत बसायचं. आन एक दिस घातला की दुसऱ्या दिशी त्येला इसावा. कातडं घाम पितं म्हनं, त्ये सावलीत सुकाया पायजे. मी म्हनलं, "आवं, म्या बी सकाळधरनं घाम गाळतीया, मला कवा इसावा?" तर हसले नुसते. आन पट्टा नाकाला लावून वास घेतला. त्यो वास घेताना बगितलं की माझं टकुरंच फिरायचं.

मग बेंदूर आला. बेंदराला आमच्यात बैलांचा समदा साज निघतो. घुंगराचे पट्टे, आसूड, काय काय चामड्याचं आसंल त्येला करंजेल पाजायचं आन उन्हात टांगायचं, म्हंजी वर्सभर चिरत न्हाई. ह्ये बैल धुवाया नदीला गेले. पट्टा भिजू नये म्हनून घड्याळ गोठ्यातल्या खुटीला अडकवलं. माघारी आले तर घड्याळ कुंपनावर लोंबकळत हुतं आन पट्ट्यातनं त्याल गळत हुतं. खवले फुगलेले, टाके उसवलेले, कडा वळलेल्या.

ह्ये सरळ माझ्या म्होरं आले. म्हनाले, "तूच केलंस. तुला त्यो बघवत नव्हता."

"बघवत नव्हता त्ये खरं," मी म्हनलं. "पर हात लावला आसंल तर हात झडू दे माझा."

तेवढ्यात आमचा गडी गुंडा आला, तोंडभर हसत. "मालक, मनगटाच्या पट्ट्याला बी त्याल पाजलं बघा. लय वाळला हुता. आता धा वर्सं चिरायचा न्हाई." बिचाऱ्यानं खुटीवरचं समदंच चामडं उचललं हुतं. सनाचा दिस, ह्ये त्येला एक शबूद बोलले न्हाईत. मला मातर बोलून बसले हुते.

सातारला चार दुकानं पालथी घातली. जिथं तिथं रेग्झिन न्हाईतर नायलॉन. कुनी तरी सांगितलं, मगर पायजे आसंल तर सांगलीला एक म्हातारे घड्याळजी हाईत, त्येंच्याकडं मिळंल. तवा ह्ये म्हनाले, "तू बी चल." चुकीचं बोलल्यावर माफी मागायची आमच्यात रीत न्हाई, एस्टीत शेजारी बसवायची हाय. मी नवं लुगडं नेसले.

घड्याळजींनी फडकं आथरून पट्टे मांडले. ह्ये एकेक उचलून दारातल्या उजेडात न्यायचे, वाकवून बघायचे. एक बाजूला सारला. घड्याळजी म्हनाले, "बरोबर ओळखलंत. तो गाईच्या कातड्यावर ठसा मारलेला आहे, म्हणून सगळे खवले एकसारखे दिसतात. खऱ्या मगरीचे मध्ये मोठे असतात आणि कडेला बारीक होत जातात." मी स्टुलावर बसून बघत हुते. मला बघाया आल्ते तवा ह्येंनी एक डाव मान वर केली आन मुंडी हलवली, तेवढ्यात माझं ठरलं. पट्ट्यापायी मातर दुपार कलली.

मग घड्याळजींनी जुना पट्टा हातात घेतला. "याला एक भोक ताणलेलं आणि एक मागाहून पाडलेलं, असं कसं?"

"ताणलेलं साबाचं," ह्ये म्हनाले. "त्येंचं मनगट जाड हुतं. दुसरं माझं."

आन मग बोलतच राहिले. एकाहत्तरच्या लढाईत मेजरसाब ह्येंच्या मांडीवर गेले. घड्याळ ह्येंनीच काढलं मनगटावरनं. घरी पोचवाया गेले तर मेमसाब हातात घेईनात, म्हनाल्या, तूच घाल, माझ्यानं बघवत न्हाई. "पट्टा साबानं सोता निवडला व्हता," ह्ये म्हनाले. "त्येंच्या घामाचा वास यायचा त्येला. आता करंजेलाचा येतो."

मला रडू आलं, त्ये खरं. पर खोटं कशाला बोलू, राग बी आला. जे मला इतक्या वर्सांत सांगितलं न्हाई, त्ये ह्या परक्या म्हाताऱ्याला एका भोकावरनं सांगितलं. वाटेकरी मेमसाब आसती तर पदर खोचून भांडले आसते. मेलेल्या मानसाशी कसं भांडायचं?

"तू निवड," ह्ये म्हनाले. मी न बघताच एक उचलला. घड्याळजींनी त्यो बसवला आन जुना भंगाराच्या डब्यात टाकला. ह्ये डब्याकडं बघत राहिले, पर मागितला न्हाई.

"त्यो इकडं द्या," मी म्हनलं. पदरानं पुसला आन माझ्या चंचीत घातला, सुपारीशेजारी.

अजून तिथंच हाय. कवातरी सांजच्याला ह्ये जवळ येऊन बसत्यात आन म्हनत्यात, "दे गं जरा." मी म्हनते, "आधी साबाचं कायतरी सांगा." सांगून झाल्यावरच चंची सोडते.