नीरेच्या बंधाऱ्यावर दह्याचं गाडगं

माझी बायको जिवंत आहे. हे आधी लिहून टाकतो, कारण सध्या बारामती-इंदापूर भागात मोबाइलवर एक व्हिडिओ फिरतो आहे. एक म्हातारा बायकोच्या अस्थी घेऊन होडीतून एकटाच संगमाकडे निघालेला, आणि मागे रडकं गाणं. तो म्हातारा मी. अस्थी कुणाच्याच नव्हत्या.

मला बारामतीच्या बाजूनं नीरेत उतरून नरसिंगपूरच्या संगमापर्यंत एकट्यानं जायचं होतं. का, तर जावंसं वाटलं. उजनीच्या एका मच्छीमाराकडून जुनी फायबरची होडी घेतली, वल्हवायला शिकलो. बायकोनं धपाटी बांधून दिली. छोट्या गाडग्यात दही विरजून त्याच्या तोंडाला लाल फडकं बांधलं. "उन्हात ठेवू नका," म्हणाली.

सकाळ फार छान गेली. दोन्ही काठांना ऊस, मधूनच पाण्यात सोडलेल्या मोटारींचे पाइप. दुपारी पहिला बंधारा आला. पावसाळा संपला की त्यात लोखंडी फळ्या बसवून पाणी अडवतात. तिथं होडी उचलून पलीकडे ठेवायला चार माणसं लागतात. वर पाच-सहा जण गप्पा मारत बसले होते. मी हाक मारली.

"आबा, आधी वर या. कुठं निघालाय?"

"नरसिंगपूरला."

"यष्टी हाय की! भांडान झालं का घरी?"

"नाही."

"सुना बघत न्हाईत?"

"बघतात. मी फिरायला निघालोय."

"ह्या वयात? एकटंच? नदीत?" एकानं कपाळावर हात मारला. "धरा रं म्हाताऱ्याला. उडी बिडी मारायचा."

खरोखरच एकानं माझं मनगट धरलं. दुसऱ्यानं वल्ही काढून घेतली. तिसरा म्हणाला, "पोराचा नंबर सांगा, आबा. न्यायला बोलवू." आयुष्यभर नोकरी केली, मुलांची लग्नं केली, आणि आता नदीवर जायला मुलाची परवानगी! माझा आवाज चढला, तसे ते जास्तच हळुवार बोलू लागले. रागावलेल्या माणसाशी नव्हे, भ्रमिष्टाशी बोलावं तसं. त्याची चीड अजून जात नाही.

तेवढ्यात होडीतलं सामान उपसणाऱ्याच्या हाताला फळीखालचं गाडगं लागलं. लाल फडकं पाहून त्यानं ते पटकन होतं तिथं ठेवलं आणि पायातल्या चपला काढल्या. बाकीच्यांनीही काढल्या.

"कोण गेलं, आबा?"

दही आहे, एवढंच म्हणायचं होतं.

"बायको," मी म्हणालो.

मनगट सुटलं. वल्ही परत आली. मघाशी पोराचा नंबर मागणाऱ्यानंच खांदा दिला आणि होडी पलीकडच्या पाण्यात उतरली. कुणीतरी मोबाइल धरला होता. फिरायला निघालो होतो तेव्हा मी वेडा होतो. आता त्याच होडीत बसलेल्या माझ्या ते सगळे पाया पडत होते.

काठावर धुणं धुणारी एक म्हातारी आली. "अहेव गेली. भाग्याची बाई," म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. तिचं स्वतःचं कपाळ मोकळं होतं. तिनं गाडग्याला हात लावला नाही. सुनेला घरी पिटाळून करंडा आणवला आणि तिच्याकडून हळदकुंकू वाहवलं. मी हात जोडले. इतरांचा राग येतो, पण माझ्याच त्या जोडलेल्या हातांचं काय करू?

संध्याकाळी बावडा गावाच्या बरंच अलीकडे काठच्या गाळाच्या मळईवर होडी ओढून घेतली. गाडगं समोर ठेवलं. फडक्यावरचं कुंकू ओलं होऊन पसरलं होतं. धपाटी तशीच परत बांधून ठेवली. फोन वाजला.

"दही आंबट नाही ना झालं?" बायकोनं विचारलं.

मी सगळं सांगितलं.

"मला मारलंत ते मारलंत," ती म्हणाली. "पण त्या बाईला रडवलंत."

"मग काय करायला हवं होतं? त्यांनी मला सोडलंच नसतं."

"नसतं सोडलं तर तिथंच बसायचं होतं. सकाळी होडी घेऊन पुढं जाऊ नका. मी मुलाला घेऊन त्या बंधाऱ्यावर येते. तुम्हीही काठानं चालत या. तिला माझं तोंड दाखवायचंय."

"आणि होडी?"

"पुढच्या बंधाऱ्यावर त्यांनाच परत उचलायला लावते. फिरायला निघालेल्या माणसाची म्हणून." मग म्हणाली, "ते दही मात्र आज खाऊन टाका. कुंकवाचं फडकं तेवढं जपून ठेवा, तिचं कुंकू तिला परत द्यायचंय."