उतारावर मागं सरकायचं असतं

आणीबाणीतल्या उन्हाळ्यात माझा थोरला भाऊ औंधकडून आमच्या गावात उतरणाऱ्या डांबरी रस्त्यावर, बेरिंगच्या फळीवरून पडला. त्याचा उजवा हात मनगटात मोडला. पुढच्या आठवड्यात सांगलीला सैन्याची भरती होती. वयाच्या अटीमुळे त्याची ती शेवटची भरती होती.

फळी त्यानेच केली होती. साताऱ्याच्या एका गॅरेजमधून ट्रकच्या टाकून दिलेल्या चार बेरिंग आणल्या. दोन मागे पक्क्या बसवल्या. पुढच्या दोन एका आडव्या लाकडात बसवून ते लाकूड मधोमध एकाच बोल्टने फळीला जोडले, म्हणजे त्याच्या टोकांना बांधलेली दोरी ओढली की ते वळायचे. ब्रेक नव्हता. पोलादी बेरिंग डांबरावर जवळजवळ अडतच नाही, त्यामुळे एकदा सुटलेली फळी खालच्या सपाटीपर्यंत थांबायची नाही. तो बसून यायचा आणि वळणावर दोरी ओढायचा. तोवर त्याला कधी काही झाले नव्हते.

त्या दिवशी वर पारावर त्याचे मित्र होते. त्यांच्यातला एक म्हणाला, "फौजेत जाणार गडी, आन् बाईमाणसागत बसून येतोयस व्हय रं?"

"उभा ऱ्हाऊन येतो. बघ तू."

"भरती झाल्यावर ये. आता नगं," दुसरा म्हणाला. हे त्या मित्राने नंतर आम्हाला सांगितले. तोवर भाऊ फळीवर उभा राहिला होता.

त्याच वेळी आम्ही खालून चढत होतो. वडील शेणखताची बैलगाडी माळाच्या रानाकडे नेत होते आणि मी खतावर पोते टाकून बसले होते. बैलगाडीचा आमच्या घरातला नियम एकच होता. उतार लागला की वडील म्हणायचे, "मागं सरका." उतारावर सगळा भार पुढे येतो आणि जू बैलांच्या मानेवर दाबते. माणसे मागे सरकली की मान हलकी होते. आम्ही तान्हेपणापासून हे ऐकत आलो होतो. झोपेत असलो तरी सरकायचो.

भाऊ वळणाच्या वर दिसला. दोरी हातात, गुडघे ताठ. वेग वाढत होता. वडील ओरडले, "मागं! मागं सर!"

आमची गाडी चढावर होती. तरी मी मागे सरकले.

भाऊही सरकला. त्याने सगळे अंग मागच्या पायावर रेलले. पुढच्या बेरिंगचा खडखडाट थांबला, त्या रस्त्यावरून उचलल्या गेल्या होत्या. वळण आले तेव्हा त्याने दोरी ओढली. आडवे लाकूड वळले, फळी वळली नाही. चाक फळीला वळवते ते त्याच्यावरच्या भारामुळे, आणि पुढे भार उरलाच नव्हता. बैलगाडीत मागे बसलेल्या माणसाला पुढून बैल धरून असतात. फळीला पुढे काहीच नव्हते.

वडिलांना कासरा सोडता येत नव्हता. सोडला असता तर भरली गाडी चढावरून मागे गेली असती. ते उभे राहून बघत राहिले. मीही बघत राहिले. फळी सरळ जाऊन कडेच्या दगडांवर आपटली आणि थांबली. भाऊ थांबला नाही. त्याने हात पुढे टेकले.

साताऱ्याला प्लॅस्टर घातले. भरतीच्या दिवशी तो तसाच सांगलीला गेला, वडीलही गेले. तो रांगेत उभा राहिला. तपासणाऱ्या हवालदाराने विचारले, "हे काय रे?"

"पडलो, साहेब. धावायचं आधी घ्या. धावतो मी."

"पुढच्या भरतीला ये."

"पुढच्या भरतीला वय बसत न्हाई, साहेब."

हवालदाराने त्याला खांद्याला धरून हळूच रांगेबाहेर काढले आणि मागच्याला पुढे घेतले. वडील कुंपणापाशी होते. घरी आल्यावर वडील आईला म्हणाले, "मी वरडलो नसतो तर?" आई म्हणाली, "आवं, जेवून घ्या."

प्लॅस्टर निघाल्यावर बैलगाडी भाऊ हाकू लागला. वडील मागे बसत. उतार लागला की भाऊ म्हणे, "आबा, मागं सरका." वडील सरकत.