हेडचा सातवा बोल्ट

साकोलीला हायवेच्या कडेला बाबांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे नुसतं टिनाचं छप्पर. गावातल्या डॉक्टरांची गोल पाठीची जुनी विलायती गाडी बाबांशिवाय कोणी दुरुस्तीला उघडत नसे. बाबांना लकवा झाला, उजवा हात गेला, आणि हळूहळू गिऱ्हाइकंही गेली. डॉक्टर तेवढे थांबले.

मी तेव्हा भंडाऱ्याला बी.एस्सी.ला होतो. आमच्या घरातला कॉलेज पाहिलेला पहिलाच. बाबांनी मला कधी पान्याला हात लावू दिला नव्हता. "तू पुस्तक धर. इथं काय ठेवलं हाये?" म्हणायचे.

त्या दिवाळीच्या सुट्टीत आलो तेव्हा डॉक्टरांची गाडी छपराखाली उभी होती. इंजिनच्या हेडचं, म्हणजे वरच्या झाकणाचं, गॅस्केट फुटून पाणी ऑईलमध्ये उतरलं होतं; ऑईल चहासारखं दुधाळ झालं होतं.

बाबा म्हणाले, "मी सांगतो, तू कर. हे एक इंजिन चालू झालं ना बापू, तं लोकं पुन्हा येतीन."

तीन दिवस ते लाकडी पेटीवर बसून सांगत राहिले आणि मी करत राहिलो. हेड उतरवलं, घासलं, नवं गॅस्केट बसवलं. आई चहा घेऊन यायची. "दोघं मिळून एक मिस्त्री झाले, बाई!" म्हणायची. बाबा हसायचे. आजारानंतर त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग हेडचे बोल्ट आवळायचे होते. मधून बाहेर, थोडे थोडे करून. किती आवळलं ते मोजायचं अवजार बाबांकडे नव्हतं. ते हातानंच ओळखत.

"आवळ. अजून. आता हात काय म्हणून राहिला?"

"काहीच नाही, बाबा."

"काही तं म्हणत असन ना बे! कडक लागला का थांबाचं. मंग नरम लागला तं समज, गेला."

कडक म्हणजे किती, ते मला कळेना. पण विचारायची लाज वाटली. "समजलं," असं म्हणालो. सहा बोल्ट निभले. सातव्याला पाना एकाएकी हलका झाला. बोल्टचं डोकं माझ्या हातात आलं, बाकीचा खाली इंजिनातच अडकून राहिला; तो काढायची सोय आमच्याकडे नव्हती.

बाबांनी डावा हात पुढे केला. मी तुटका तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी मूठ मिटली.

संध्याकाळी डॉक्टर आले. बाबा कसेबसे उठून उभे राहिले.

"माफ करा, डॉक्टरसाहेब. माह्याच हातानं तुटला."

डॉक्टरांनी बाहीत लोंबणाऱ्या बाबांच्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "होतं कधी कधी," ते हळूच म्हणाले. "उद्या ट्रक पाठवतो. नागपूरला नेऊ."

मी एवढंच म्हणायला हवं होतं, की माझ्याकडून तुटला. पण म्हणालो नाही.

सकाळी ट्रकला दोर बांधून गाडी ओढत नेली. ज्यात उतरून बाबा गाड्यांची खालची कामं करत, तो खड्डा उघडा पडला. बाबांनी त्यात डोकावून पाहिलं.

"फळ्या टाकून दे यावर," ते म्हणाले. "पडन कोणी."