चीजच्या आधी उठलेली ओडिल

पॅरिसच्या बेलव्हिल वस्तीतलं ज्येष्ठ मंडळ दर सप्टेंबरात बस करून मोरव्हालचा किल्ला पाहायला जातं आणि दर वर्षी तो न पाहता परत येतं. यात कुणाचा दोष नाही. पोचेपर्यंत बारा वाजत येतात आणि बारा वाजता माणसाने जेवायला बसायचं असतं. किल्ल्यासमोरच खानावळ आहे. आधी घोटभर वाइन, मग सूप, बदक, चीज, नासपतीचा गोड पदार्थ, कॉफी आणि ती कॉफी पचावी म्हणून काहीतरी कडक. तोवर तिकीट खिडकी बंद होते. मग फाटकापुढे फोटो काढून, किल्ला सुरेख आहे हो, असं एकमेकांना सांगत मंडळी बसमध्ये पेंगतात.

ओडिलही इतकी वर्षं पेंगत आली. पण तिचं एक काम आत राहिलं होतं. विशीत ती पडदे शिवणाऱ्या कारखान्यात होती. मोरव्हालच्या दिवाणखान्याचे लाल मखमली पडदे तिथेच झाले आणि त्यांची खालची दुमड तिने आणि सिमोनने शेजारी शेजारी बसून हाताने घातली. पडदे गाडीत चढले ते चढले. टांगलेले कसे दिसतात ते पाहायला दोघी मिळून जाणार होत्या. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करता करता सिमोन वारली. आणि यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी ओडिलला सांगितलं, की जे पाहायचं असेल ते हिवाळ्याच्या आत पाहून घ्या.

हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तिने बैठकीत सुचवलं, की यंदा आधी किल्ला बघू आणि मग जेवू. मंडळाचे अध्यक्ष गास्तों म्हणजे निवृत्त मेट्रोचालक, वेळापत्रकाचा माणूस. त्यांना वाटलं ही थट्टा करतेय. ते हसले, सगळे हसले, शेवटी ओडिलही हसली.

सहलीच्या दिवशी बदकाच्या ताटल्या उचलल्या गेल्या आणि ओडिल नॅपकिन घडी करून उभी राहिली.

"बरं वाटत नाहीये का?" गास्तोंनी विचारलं.

"छान वाटतंय."

"मग बस की. चीज येतंय."

"तुम्ही खा. मी पडदे बघून येते."

चीजच्या आधी उठून जाणारा मंडळाच्या इतिहासात एकच माणूस होता आणि त्याला हृदयविकाराचा झटका आलेला होता.

दिवाणखान्यात दोरी बांधलेली होती. पडदे दोरीच्या पलीकडे, पार खिडक्यांशी. ओडिलला नुसता लाल धूसर पट्टा दिसला. ती दोरीला पोट टेकवून इतका वेळ उभी राहिली, की खुर्चीवर जांभया देणारी पहारेकरीण उठून आली आणि काय हरवलंय म्हणून विचारू लागली. ओडिलने सांगितलं. खूप उशीर केला मी, असंही म्हणाली आणि तिला रडू आलं.

"दोरी ओलांडायची नाही, मादाम," पहारेकरीण म्हणाली. मग स्वतःच ओलांडून गेली, वाकली आणि एकेका पडद्याची कड उलटून पाहू लागली. "टाके बारीक आहेत. सरळ आहेत... इथे मात्र वीतभर वाकडे गेलेत."

"तिथे सिमोनने मला हसवलं होतं," ओडिल म्हणाली.

ती खानावळीत परतली तेव्हा मंडळी तशीच बसून होती. चीज लाकडी फळीवरून ओघळून टेबलावर आलं होतं. कुणी सुरी लावली नव्हती. एकजण उठलेला असताना चीज कापायचं कसं, हा प्रश्न कुणाला सोडवता आला नव्हता.

"दिसले?" गास्तोंनी विचारलं.

"मला नाही दिसले. पण आहेत. एका जागी वाकडे आहेत."

गास्तोंनी चीजचा मधला तुकडा तिच्या ताटलीत वाढला. मग घसा खाकरला. "पुढच्या वर्षी आधी किल्ला, मग जेवण."

खानावळवालीच्या हातातला पाव तिथल्या तिथे थांबला.

"पुढच्या वर्षी मला काहीच दिसणार नाही, गास्तों."

"तुला कुठे बघायचंय? तू आम्हाला दाखवायचंस."