जिनिंगच्या भंगारातली खुर्ची

ये बाई, जवळ सरक. आधी सांग, एवढी चांगली खुर्ची एक पाय हलला म्हणून उकिरड्यावर टाकलीस? हात कसा धजला गं तुझा?

मी मानवतला जिनिंगात, सरकी काढायच्या कारखान्यात, कपाशी निवडायला जायची तवाची गोष्ट. निजामी संपून दोन-चार वर्सं झाली असतील. माझ्या सासूबाईंचे, आत्याबाई म्हणायची मी त्यांना, गुडघे धरले होते. खाली बसल्या की उठवायला दोघं लागायचे. मग त्यांनी बसणंच सोडलं. खांबाला टेकून उभ्यानं चतकोर भाकरी खायच्या अन् म्हणायच्या, "भरलं पोट." भरलं कशाचं! लुगड्यात नुसती हाडं राहिली होती.

जिनिंगच्या मागं भंगार पडलेलं असायचं. यंत्राच्या पेट्यांच्या फळ्या, कापसाच्या गाठी आवळायच्या लोखंडी पट्ट्या, तुटका चामड्याचा पट्टा. मिस्त्री म्हणला, "न्या वहिनी, तेवढीच जागा रिकामी."

खुर्ची करायची म्हणून सुतळीनं आत्याबाईंच्या गुडघ्याचं माप घ्यायला गेले, तर म्हणल्या, "काय गं, तिरडीचं माप घ्यायलीस का?"

"गप उभ्या ऱ्हावा, आत्याबाई."

फळ्यांचे पाय केले, पाठीला पट्ट्या वाकवल्या. हात मुद्दाम पुढं काढले, रेटा देऊन उठता यावं म्हणून. लुगडं फाटू नये म्हणून पट्ट्यांच्या धारेवर बारदान गुंडाळलं. बसायला चामड्याचा पट्टा विणला. लय झोकात दिसायली!

आत्याबाईंनी हात फिरवला, वास घेतला अन् मागं सरल्या. "चामड्यावर बसून जेवू व्हय? गळ्यात माळ हाय माझ्या."

इतकी मापं घेतली, पण तुळशीची माळ काई ध्यानात आली न्हाई. आमचे हे हसायले, "आता तूच बस तिच्यावर." मला रडूच फुटलं. आत्याबाई पुन्हा खांबालाच टेकल्या.

दुसऱ्या दिवशी सगळा पट्टा उसवला, उरलेलं बारदान उकलून दोरी वळायला घेतली. आत्याबाईंनी दुसरं टोक धरलं. मग म्हणल्या, "पीळ घट्ट घाल गं, मी काय चिमणी हाय?" बाजेसारखी वीण घातली.

सांजच्याला त्या बसल्या. ताट मांडीवर घेतलं. एक भाकरी संपली, वर अर्धी मागितली. मग दोन्ही हातांनी रेटा देऊन आपल्या आपण उठल्या अन् मला म्हणल्या, "बघतीस काय? कालवणात मीठ कमी होतं."

तवापासून घरातून कुणी उपाशी गेलेलं मला सोसत न्हाई. तू बी ती खुर्ची उकिरड्यावरनं उचलून घेऊन ये, पाय मी बसवते. जेवायलाच ये, बसायचं कुठं याची फिकीर करू नकोस.