तीर्थ आणि ड्रेन

पाणी तपासणारी यंत्रं बसवणं हे माझं काम. म्हणजे मुख्यतः नळ्या जोडणं. एक नळी पाणी आणते, दुसरी नेते. आणणारीची सगळे चौकशी करतात. नेणारी कुठे जाते हे सहसा कुणी विचारत नाही. तिला उतार हवा आणि खालचं तोंड मोकळं हवं, एवढंच तिचं मागणं.

चाकणच्या एका कंपनीत सांडपाण्याच्या शेवटच्या टाकीशेजारी मी असं यंत्र बसवलं. टाकीतलं पाणी पंपाने भिंतीवरच्या उघड्या पेल्यात यायचं, यंत्र त्यातून घोटभर ओढायचं, उरलेलं ड्रेनच्या नळीने परत टाकीत. पाण्यात घाण किती, तो आकडा थेट सरकारी कार्यालयातल्या पडद्यावर. पहिला आकडा अकरा वाजता जाणार होता. तो हद्दीबाहेर गेला तर खुलासा केमिस्ट मॅडमनी द्यायचा होता, आणि मॅडम अजून नोकरीत कायम झाल्या नव्हत्या.

अकराच्या आधी पूजा. आवाज होतो म्हणून पंप पूजेपुरता बंद, आणि पेला रिकामा होऊ नये म्हणून ड्रेनची तोटीही. मोठ्या साहेबांनी नारळ फोडला आणि चार थेंब शिंपडायच्या ऐवजी त्याच्या पाण्याची अख्खी वाटी यंत्रावर उपडी केली. बरंचसं पाणी पेल्यात पडलं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. नारळाचं पाणी यंत्राच्या लेखी घाणच. गोड असल्यामुळे जरा जास्तच.

"सर, पंप लावून पेला धुवावा लागेल," त्या म्हणाल्या. "नाहीतर आकडा वर जाईल."

"आणि ते पाणी?"

"ड्रेनमध्ये."

"तीर्थ गटारात सोडायचं? आजच्या दिवशी?"

जमलेल्या मंडळींनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. घड्याळाकडे फक्त मॅडम पाहत होत्या.

"मग वाटू या का, सर?" त्यांनी अगदी सरळ विचारलं. "तीर्थच आहे."

साहेबांनी पेल्यात डोकावून पाहिलं. निम्मं सांडपाणीच होतं.

"बागेत घाला," ते म्हणाले.

"झाडांना रोज ह्येच घालतोय की आमी," प्लँटचा ऑपरेटर म्हणाला. तो शेजारच्याच गावचा. "फकस्त तीर्थ म्हणत न्हवतो."

मी पेल्याची ड्रेनची नळी सोडवली, खाली बादली धरली आणि तोटी उघडली. बादली मानाने बाहेर गेली. नळी परत जोडली, उतार पाहिला, पंप लावला. पेल्याच्या कडेला चिकटलेलं तीर्थ धुऊन ड्रेनमध्येच गेलं.

यंत्राने घोट घेतला. बराच वेळ ते नुसतं घुरघुरत राहिलं. मग आकडा उमटला. हद्दीच्या आत.

साहेब भाषणात म्हणाले, विधिवत पूजा झाली की असे परिणाम दिसतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम इतरांपेक्षा जरा जास्त वेळ वाजवत राहिल्या.