एक फ्रेट मागे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिला मी काय काय सांगितलेलं आहे! माझ्या बेसच्या दणक्यानं सौंसरच्या बगीच्यातली संत्री गळाली, हेही तिनं निमूट ऐकून घेतलंय. हे मात्र तोंडातून कधी निघालं नाही.

आमच्या ऑर्केस्ट्रात मी बेस गिटार वाजवायचो. लीड गिटारवर नरेश, लोधीखेड्याच्या शाळेतला मास्तर. साधा माणूस — की नुसता तसा दिसायचा? मोबाईलवर बघून बघून तो नवे कॉर्ड शिकला. साध्या जी सेव्हन कॉर्डमध्ये कोमल धैवत घालायचा. ऐकताना छातीत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं, आणि पुढचा सी कॉर्ड आला की तो खिळा अलगद निघायचा. गाणाऱ्या ताई — ऑर्केस्ट्रा त्यांचाच — वळून त्याच्याकडे पाहायच्या. माझ्याकडे बारा वर्षांत कुणी वळून पाहिलं होतं?

मला संशय आला. हा ताईंशी काय कुजबुजतो? प्रॅक्टिसला अर्धा तास आधी का येतो? चहाचा पहिला कप मलाच का देतो? मला काढून आपला माणूस बसवणार, दुसरं काय! पुरावा? नव्हता. म्हणूनच संशय आणखी पक्का झाला.

मग सावरगावचं ते रिसेप्शन. त्याचा तो कॉर्ड आला — आणि मी जीच्या सुरावरचं बोट एक फ्रेट, म्हणजे गिटारच्या दांडीवरची एक पट्टी, मागे घेतलं. एफ शार्पवर, अर्धा सूर खाली. एवढंच. गाणं दुधासारखं नासलं. बेस कुणाला वेगळा ऐकू येतो? सगळ्यांनी नरेशकडे पाहिलं. पुढच्या गाण्यात मी पुन्हा तेच केलं. त्याच्या पुढच्याही.

ताई त्याला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मास्तर, आता साधंच वाजवा. नाही जमत तं राहू द्या."

सामान भरताना तो माझ्यापाशी आला. "तू बाजूलेच वाजवून राहिला होता, तुले तं ऐकू आलं असन. खरं सांग भाऊ — माहा कान गेला का?"

थापा मारण्यात माझा हात धरणारा पांढुर्ण्यात कोणी नाही. ही मात्र माझी सर्वांत लहान थाप.

"हो," म्हटलं.

तो ऑर्केस्ट्रात पुन्हा आला नाही. आता शाळेत प्रार्थनेला साधे कॉर्ड वाजवतो — सी, एफ, जी. एकदा मी फाटकाबाहेर उभं राहून पाहिलं. जी कॉर्डवर आला की त्याची करंगळी त्या कोमल धैवताकडे निघते — आणि अर्ध्यातून परत येते.

त्याचा कान शाबूत होता. बोट माझं हललं होतं.